मालवणचा स्कुबा : पैसे मोजण्याआधी

पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडाने घेत पाण्याखाली राहणे म्हणजे स्कुबा डायव्हिंग. महाराष्ट्रात हा प्रकार सामान्य पर्यटकाच्या आवाक्यात आला तो प्रामुख्याने मालवणमुळे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र उथळ आणि खडकाळ आहे, त्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि प्रवाळांच्या आश्रयाला मासे आहेत. याच कारणासाठी १९८७ साली इथल्या २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यांवर स्कुबा हा मोठा व्यवसाय झाला असून अनेक मच्छीमार घरांना त्याने मासेमारीच्या जोडीला दुसरे उत्पन्न दिले.

या व्यवसायाच्या गिऱ्हाइकांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीची माणसे भरपूर असतात. कोकणकन्या रात्री ठाण्याला थांबते, सावंतवाडीची गाडी दिव्याहूनच सुटते, एसटी आणि खासगी बसगाड्या आहेतच. शिवाय दिवा-डोंबिवली पट्ट्यातल्या कितीतरी घरांचे मूळ गाव सिंधुदुर्गात आहे. मे महिन्यात किंवा नाताळच्या सुट्टीत गावी जायचे आणि एक दिवस मालवणला स्कुबा करायचा, हा आता ठरलेला बेत असतो. बुकिंग बहुतेक वेळा घरबसल्या, मोबाइलवर होते. समुद्र पाचशे किलोमीटरवर आणि सौदा डोंबिवलीत, या अंतरामुळे पर्यटकाच्या हातात फक्त जाहिरात असते. अपेक्षाभंगाची बहुतेक प्रकरणे या टप्प्यावरच सुरू होतात.

पहिली गफलत विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल होते. स्कुबा या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे प्रमाणपत्र देणारा अभ्यासक्रम. त्यात काही दिवसांचे वर्ग, तलावातला सराव आणि मग समुद्रातल्या बुड्या असतात. पॅडी ही १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था किंवा एसएसआय यांसारख्या संस्थांची प्रमाणपत्रे जगभर चालतात. पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र मिळवलेल्या माणसाला साथीदारासह १८ मीटरपर्यंत जाता येते. दुसरी गोष्ट म्हणजे ओळखीची बुडी. यात पर्यटकाला काही येत असावे अशी अपेक्षा नसते. प्रशिक्षक त्याला धरून खाली नेतो आणि वर आणतो. पॅडीच्या नियमांत अशा बुडीसाठी किमान वय १० वर्षे आणि खोलीची मर्यादा १२ मीटर आहे. समुद्रात उतरण्याआधी उथळ, शांत पाण्यात काही कौशल्ये करून घ्यावीत, असेही त्यात अपेक्षित आहे.

मालवणात काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत जे मिळते ते ओळखीच्या बुडीचेही संक्षिप्त रूप असते. जाहिरातीतला 'एक तास' जेट्टीवरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा धरलेला असतो. त्यातली पाण्याखालची मिनिटे दहा-पंधरा, कधी त्याहून कमी. खोली पंधरा-वीस फुटांच्या घरात. हे वाईट आहे असे नाही. पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्याला दहा मिनिटे पुरेशी असतात, आणि पंधरा फुटांवरही प्रवाळ आणि मासे दिसतात. हे आकडे पैसे घेण्याआधी सांगितले जात नाहीत, ही खरी तक्रार आहे. काही ठिकाणी सिलिंडर होडीवरच ठेवून लांब नळीने हवा दिली जाते. त्या प्रकाराला स्नूबा म्हणतात. नुसती नळी तोंडात धरून पृष्ठभागावर तरंगणे म्हणजे स्नॉर्कलिंग. तिन्हींचे दर वेगळे असायला हवेत आणि पावतीवर नेमका प्रकार लिहिलेला हवा.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा अनुभव या साऱ्याचा नमुना म्हणून नोंदवण्यासारखा आहे. जाहिरातीत एक तास, तीस फूट, प्रमाणित प्रशिक्षक आणि मोफत व्हिडिओ असे लिहिले होते. आगाऊ रक्कम यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेली. किनाऱ्यावर भेटला तो दुसराच माणूस. ज्या नावाने बुकिंग झाले होते त्या नावाशी त्याचा संबंध एवढाच, की एजंट गिऱ्हाइके पाठवतो आणि आपले कमिशन ठेवून घेतो. उन्हात बराच वेळ बसवून ठेवल्यावर होडी भरली आणि सुटली. सूचना मिळाल्या त्या चालू इंजिनाच्या आवाजात : "ताई, तोंडाने श्वास घ्या, नाकाने नको. बाकी आम्ही बघतो." कानांचा उल्लेख नाही, खुणांचा नाही. कोणाला काही आजार आहे का, हेही कोणी विचारले नाही. पाणी इतके गढूळ होते की हात लांब केला तर बोटे धूसर दिसत. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या कानात खाली जाताच कळ उठली. तिने वर जाण्यासाठी धडपड केली, ती भीती समजून मागच्या डायव्हरने तिला आणखी खाली नेले. वर आल्यावर पैशांचा विषय निघाला तेव्हा उत्तर मिळाले, पाण्यात उतरलात ना, मग पैसे परत नाहीत. संध्याकाळी आलेल्या व्हिडिओत पिवळ्या-निळ्या माशांचे थवे होते, त्या दिवशीच्या पाण्यात कोणी न पाहिलेले. मुलीच्या कानाच्या पडद्यात रक्त साकळल्याचे डोंबिवलीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितले. कान काही आठवड्यांत बरा झाला.

या प्रसंगातली सर्वांत गंभीर गोष्ट गढूळ पाणी नव्हे, खोटा व्हिडिओही नव्हे. न मिळालेल्या सूचना ही ती गोष्ट होय, आणि त्या का आवश्यक असतात हे समजण्यासाठी पाण्याच्या दाबाचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

समुद्रसपाटीवर माणसाच्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा बॉइलचा नियम शाळेत शिकवला जातो. शरीराचा बहुतेक भाग पाण्याचा असल्याने त्याला या दाबाचे काही वाटत नाही. जिथे हवा आहे तिथे मात्र जाणवते : मधला कान, नाकाभोवतीच्या पोकळ्या, फुफ्फुसे आणि मास्कच्या आतली जागा. हा बदल पृष्ठभागाजवळ सर्वांत वेगाने होतो. शून्य ते १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो. तो पुन्हा दुप्पट होऊन चौपट व्हायला ३० मीटरपर्यंत जावे लागते. त्यामुळे 'आपण फार खोल जात नाही, पंधराच फूट' हे आश्वासन कानांच्या बाबतीत निरुपयोगी आहे. पडदा आत ओढला जाण्याची वेदना दोन-तीन मीटरवरच सुरू होते.

यावर उपाय सोपा आहे. मधला कान एका बारीक नळीने घशाशी जोडलेला असतो. नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून नाकातून हलकेच हवा दाबली की ती नळी उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. कानात बारीक 'टक्' होते. विमान उतरताना दडे बसलेले कान मोकळे करण्याची हीच रीत आहे. पाण्यात ती दर मीटरभराला, आणि दुखायला लागण्याआधी, करायची असते. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकणे धोक्याचे, कारण एव्हाना नळी दाबाने मिटलेली असते. अशा वेळी मीटरभर वर यावे, कान मोकळे करावेत, मग पुन्हा सावकाश खाली जावे. एका कानाला वेळ लागत असेल तर तेवढा वेळ थांबणे हे डायव्हरचे काम आहे. घाईत असलेला, पुढची होडी भरून उभी असलेला डायव्हर हेच नेमके करत नाही. पोहण्याचा साधा चष्मा स्कुबाला का चालत नाही, याचेही कारण यातच आहे. स्कुबाचा मास्क नाक झाकतो आणि त्याचा नाकावरचा भाग मऊ असतो, म्हणून नाक बाहेरून चिमटीत धरता येते आणि मास्कमध्ये नाकाने थोडी हवा सोडून त्यातला दाबही सारखा करता येतो.

दुसरी सूचना जिवाशी निगडित आहे : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. १० मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास रोखून कोणी पृष्ठभागावर आले तर त्या हवेला दुप्पट जागा लागेल, आणि ती फुफ्फुसात नसते. ऊतक फाटून हवा रक्तात शिरू शकते, मेंदूपर्यंत जाऊ शकते. दीड मीटरइतक्या उथळ पाण्यातूनही अशी इजा झाल्याचे दाखले वैद्यकीय साहित्यात आहेत. घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखतो आणि वर झेपावतो. म्हणून हे वाक्य होडीवर एकदा ओरडून सांगणे पुरत नाही. ते कंबरभर पाण्यात करून दाखवावे आणि करून घ्यावे लागते. हवा देणारा तोंडातला रेग्युलेटर निसटला तर तो परत कसा पकडायचा आणि त्यातले पाणी फुंकून किंवा बटण दाबून कसे काढायचे, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर कसे घालवायचे, हे त्याच सरावाचे भाग आहेत. नीट शिकवणारा माणूस यासाठी अर्धा तास तरी देतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे प्रशिक्षणासाठी खास तलाव बांधलेला आहे. आधी तलाव, मग समुद्र हा क्रम जिथे पाळला जातो तिथे दर थोडा जास्त असला तरी तो देण्याजोगा आहे.

खुणा हा तिसरा विषय. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे खुणांची भाषा ठरलेली असते आणि ती जमिनीवरच्या भाषेपेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे सगळे ठीक असल्याचे अंगठा वर करून सांगतात. डायव्हिंगमध्ये वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेल्या वर्तुळाची. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला की 'काहीतरी गडबड आहे', आणि त्यापाठोपाठ कानाकडे बोट दाखवले की गडबड कानाची. एवढ्या चार खुणा ठाऊक असत्या तर वर सांगितलेल्या प्रसंगात मुलीला धडपडावे लागले नसते. काही होडीवाले मात्र पर्यटकाच्या सवयीप्रमाणे अंगठ्यालाच 'ठीक' मानतात. म्हणून कोणती खूण कशासाठी, हे उतरण्याआधी त्याच डायव्हरशी बोलून पक्के करावे. एजंटशी किंवा होडी चालवणाऱ्या तांडेलाशी बोललेले उपयोगाचे नाही.

साधनांची पारख नवख्यालाही थोडीफार करता येते. मास्क चेहऱ्याला लावून, पट्टा न अडकवता, नाकाने किंचित हवा आत ओढावी. मास्क चिकटून राहिला तर तो मापाचा आहे. कडेखाली केस आले की पाणी झिरपते, आणि दाट मिशी असलेल्यांना हा त्रास हमखास होतो. चष्मा आत बसत नाही. ज्यांचा नंबर जास्त आहे त्यांनी नंबरचा मास्क मिळतो का, हे आधीच विचारावे. रेग्युलेटरचे तोंडात धरायचे रबर एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाताना नुसते समुद्रात बुचकळले जात असेल तर जंतुनाशकाने किंवा निदान गोड्या पाण्याने धुऊन मागावे. मागण्यात संकोच नको. सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा उतरण्याआधी स्वतः पाहावा. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो आणि ५० बार उरले असताना बुडी संपवण्याचा प्रघात आहे. रेग्युलेटरमधून होडीवरच दोन-चार श्वास घ्यावेत. चांगल्या हवेला वास नसतो. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर कॉम्प्रेसर नीट नाही, कदाचित त्यात इंजिनाचा धूर शिरतो आहे, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दाबाखाली अधिक घातक ठरतो. अशा सिलिंडरने उतरू नये, पैसे गेले तरी चालतील.

कोणी उतरू नये याची यादी डायव्हिंगच्या वैद्यकीय प्रश्नावलीत असते आणि ती भरून घेणे हे चांगल्या चालकाचे लक्षण आहे. दमा, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फेफरे, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गरोदरपण या बाबतीत डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय किंवा मुळीच उतरायचे नसते. साधी सर्दीही पुरेशी आहे, कारण सुजलेल्या नळीतून हवा जात नाही आणि कान मोकळे होत नाहीत. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरणे हा उपाय नव्हे. त्याचा अंमल पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा कानात अडकते. ठाण्या-डोंबिवलीहून रात्रभर बसने प्रवास करून, न झोपता, सकाळी थेट होडीत बसणे हाही वाईट बेत आहे. पहिला दिवस किल्ला आणि बाजार पाहण्यात घालवावा, बुडी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावी. ज्यांना बोट लागते त्यांनी हलके खाऊन जावे. आदल्या रात्रीची दारूही टाळावी. परतताना चिपी विमानतळावरून विमान पकडायचे असेल तर एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या झाल्या असतील तर १८ तास मध्ये जाऊ द्यावेत, अशी डायव्हिंग वैद्यकाची शिफारस आहे. उथळ आणि छोट्या बुडीत धोका अगदी थोडा असतो, पण वेळ हाताशी असताना तो पत्करण्याचे कारण नाही.

पाणी किती स्वच्छ असेल, हा प्रश्न बहुतेक पर्यटक विचारतात आणि त्याला बहुतेक वेळा 'एकदम क्लिअर' असे उत्तर मिळते. मालवणचा समुद्र अंदमानसारखा नाही. इथे नद्या गाळ आणतात. कर्ली नदी देवबागलाच समुद्राला मिळते. चांगल्या दिवशीही दृश्यमानता काही मीटर असते. जाहिरातीतली निळीशार छायाचित्रे पुष्कळदा अंदमान, मालदीव किंवा तांबड्या समुद्राची असतात. ज्याला तसेच पाणी हवे आहे त्याने पैसे साठवून स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जावे, किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचा विचार करावा. मालवणात जायचे तर दिवस निवडून जावे. पावसाळ्यानंतर गाळ बसायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा, आणि मे महिना सरत आला की लाटा वाढून पाणी पुन्हा ढवळते. महिन्यातले दिवसही बघावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती-ओहोटी असते, प्रवाह जोरात आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्या मानाने निवळ आणि संथ मिळते. कोकणातल्या प्रत्येक मच्छीमाराला हे ठाऊक असते, पण शनिवार-रविवारची सुट्टी धरून बुकिंग करणाऱ्याला ते कोणी आपणहून सांगत नाही. घरच्या कालनिर्णयावर तिथी बघून तारीख ठरवली तर निम्मा अपेक्षाभंग टळतो. आदल्या दिवशी फोन करून 'आजचा व्हिडिओ पाठवा' असे सांगणे हा दुसरा चांगला मार्ग. पाच-सहा मीटरखाली तांबडा रंग पाण्यात शोषला जातो, त्यामुळे खरे चित्रण निळे-हिरवे दिसते. भडक लाल रंग दाखवणारा व्हिडिओ दिव्याच्या प्रकाशात घेतलेला, रंग चढवलेला किंवा दुसरीकडचा असतो.

होडीचा विचार बुडीइतकाच महत्त्वाचा आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणारी वीस पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली काही घडले नव्हते, घडले ते परतीच्या वाटेवर. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात महाराष्ट्र सागरी मंडळ जलक्रीडा बंद ठेवते. त्या आधीच्या शेवटच्या दिवसांत सुट्टीची गर्दी सर्वाधिक आणि समुद्र बिघडू लागलेला, असा दुहेरी धोका असतो. होडीवर किती माणसे बसवायची परवानगी आहे, हे विचारावे आणि माणसे मोजावीत. लाइफ जॅकेट जाता-येता दोन्ही वेळा अंगात आणि बंद बांधलेले हवे. बुडीनंतर ओले कपडे आणि थकवा यामुळे परतताना ते काढून टाकण्याकडे कल असतो, नेमके तेच करू नये. तांडेल वाऱ्याकडे बघून नको म्हणाला तर हट्ट धरू नये. बंदी सुरू झाल्यावरही 'आम्ही नेतो' म्हणणारा माणूस भेटला तर त्याला परवाना किंवा विमा यांपैकी काहीच लागू नसते, एवढे लक्षात घ्यावे.

परवान्याबाबत दोन यंत्रणा आहेत. जलक्रीडेची परवानगी आणि होडीची नोंदणी, सर्वेक्षण व प्रवासीक्षमता हे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. त्याचे मालवणला बंदर कार्यालय आहे आणि वेंगुर्ला गटाचा प्रादेशिक बंदर अधिकारी त्यावर असतो. साहसी उपक्रमांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी धोरण जाहीर केले. त्यानुसार चालकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. डोंबिवलीतून बुकिंग करताना या दोन्ही कागदांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर मागावीत. रीतसर धंदा करणारा ती लगेच पाठवतो. त्याच संभाषणात लिहून घ्यावे : पाण्याखालची मिनिटे किती, खोली किती, एका डायव्हरमागे माणसे किती, सराव कुठे, विमा आहे का, आणि पाणी गढूळ असेल, कान मोकळे न झाल्याने परत यावे लागले किंवा समुद्र बंद राहिला तर किती पैसे परत. फोनवर बोललेले नंतर सिद्ध करता येत नाही, लिहिलेले येते. एजंटाऐवजी थेट होडीवाल्याशी व्यवहार करता आला तर उत्तम. गावाकडचा ओळखीचा माणूस मध्ये असला तरी पावती मागायला लाजू नये. आगाऊ रक्कम कमीत कमी द्यावी, आणि ती एखाद्या व्यक्तीच्या नव्हे तर व्यवसायाच्या नावावर जावी.

घरून निघण्याआधी एक तयारी सहज करता येते. ठाण्यातला मारोतराव शिंदे तरणतलाव किंवा डोंबिवलीचे घरडा सर्कलजवळचे क्रीडा संकुल अशा ठिकाणी चेहरा पाण्यात बुडवून शांतपणे तरंगण्याचा सराव करावा. पोहता येत नसले तरी चालते, असे चालक सांगतात. ओळखीच्या बुडीपुरते ते खोटे नाही. तरीही नाकात पाणी गेल्यावर न घाबरण्याची सवय ज्याला आहे, त्याची ती दहा मिनिटे पाहण्यात जातात. ज्याला नाही त्याची सावरण्यात.

पर्यटकाचीही काही जबाबदारी आहे, आणि ती अभयारण्याशी संबंधित आहे. प्रवाळ हा सजीव आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. छायाचित्रासाठी त्याला धरायला लावणे, त्यावर उभे करणे, मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करणे हे प्रकार चालतात ते पर्यटकांना आवडतात म्हणून. पावाच्या आशेने जमणारे मोजके पट्टेदार मासे बाकीच्यांना हुसकावतात आणि शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवण्याचे त्यांचे नेहमीचे काम सोडतात. प्रवाळावर टाकलेला नांगर एका खेपेत वर्षानुवर्षांची वाढ मोडतो, कारण अनेक प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाहीत. पाव नको, असे गिऱ्हाइकानेच सांगितले तर डायव्हरही आनंदाने ऐकतो, असा अनुभव आहे. मालवणच्या मुलांचे पोट याच खडकांवर चालते.

इतके करूनही फसगत झाली तर दाद मागता येते, आणि त्यासाठी सिंधुदुर्गात खेपा घालाव्या लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या रहिवाशासाठी तो ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतली त्रुटी आहे, दिशाभूल करणारी जाहिरात आणि पावती न देणे या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. 'स्वतःच्या जबाबदारीवर उतरत आहे' अशा छापील कागदावर सही घेतली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

पुरावा जागेवरच गोळा करावा. जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, होडीवरच्या नोंदणी क्रमांकाचे छायाचित्र, पाण्याचे आणि गर्दीचे एक-दोन फोटो एवढे पुरते. चालकाने दिलेली मूळ व्हिडिओ फाइल जपून ठेवावी, कारण बुडी किती मिनिटांची होती हे तिच्या लांबीवरून कळते, आणि त्या दिवशी नसलेले दृश्य जोडले असेल तर तेही दाखवता येते. इजा झाली असेल तर त्याच दिवशी मालवण किंवा कुडाळला डॉक्टरांना दाखवून कागद घ्यावा. घरी परतल्यावर घेतलेल्या कागदावर, इजा वाटेतही झाली असेल, असा आक्षेप घेता येतो. सुरक्षिततेची तक्रार मालवणच्या बंदर कार्यालयात आणि पर्यटन संचालनालयाकडे लेखी द्यावी. पैसे परत मिळोत न मिळोत, पुढच्या होडीतल्या माणसांसाठी ती तक्रार उपयोगी पडते.

पैशांसाठी पहिली पायरी म्हणजे चालकाला व्हॉट्सअॅप आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस. पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि नेमकी रक्कम लिहावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. कित्येक छोटी प्रकरणे इथेच मिटतात. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते. आयोगाकडे तक्रार ऑनलाइन दाखल होते. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, आणि सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी असा अर्ज करता येतो. एजंट आणि होडीवाला वेगळे असतील तर दोघांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याची सोय राहत नाही. मागणीत भरलेली रक्कम, उपचारांचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई असे तीन भाग वेगळे दाखवावेत. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षे आहे.